ऑर्डर पडली, साठा मात्र तसाच: मोंगोडीबीत ट्रान्झॅक्शन कमिट करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोड-जेएस आणि मोंगूस (नोड-जेएसमधून मोंगोडीबी वापरण्याची लायब्ररी) यांवर लिहिलेली सेवा, मागे मोंगोडीबी या डेटाबेसचा तीन नोडचा रेप्लिका सेट, म्हणजे तोच डेटा मिळून सांभाळणाऱ्या सर्व्हरांचा गट. ऑर्डर नोंदवताना तीन कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटांच्या संचांत) लिहावं लागतं: ऑर्डर, साठा आणि साठ्याच्या हालचालींची नोंदवही. तिन्ही गोष्टी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ‘सगळं होईल किंवा काहीच नाही’ अशा गटात, घातल्या आहेत, तरी दोन तक्रारी येतात. कधी कधी ऑर्डर पडते, पण साठा कमीच होत नाही. आणि नेटवर्क अडखळलं की कमिटला, म्हणजे बदल पक्के करण्याच्या आदेशाला, एरर येते, कोड अख्खा ब्लॉक पुन्हा चालवतो आणि एकाच मागणीच्या दोन ऑर्डरी तयार होतात. तुम्ही शेवटी विचारलं आहे की मग ट्रान्झॅक्शनचा भरवसा तरी काय?

भरवसा आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही लक्षणांत डेटाबेसने आपला शब्द पाळलेला आहे. पहिल्या तक्रारीत काही लिखाण ट्रान्झॅक्शनच्या बाहेर पडलं असणार, किंवा ‘काहीच बदललं नाही’ हा निकाल कोडने यश म्हणून स्वीकारला असणार. दुसऱ्या तक्रारीत ‘कमिट झालं की नाही ते कळलं नाही’ या उत्तराला कोडने ‘झालं नाही’ असं वाचलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. पण आधी पहिली निपटून टाकू.

मोंगोडीबीत ट्रान्झॅक्शन कनेक्शनला चिकटलेलं नसतं, सेशन या ऑब्जेक्टला असतं. ज्या ज्या ऑपरेशनला सेशन दिलं, तेवढंच आत. एखाद्या ओळीत सेशन द्यायचं राहिलं, तर ती ओळ एरर देत नाही, ती निमूटपणे बाहेर चालते आणि तिथल्या तिथे पक्की होते. पुढे ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी ती उरतेच. तुमची ऑर्डर अशीच उरत असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यातही मोंगूसच्या ‘क्रिएट’वर माझा पहिला संशय. ‘क्रिएट’ला पहिलं आर्ग्युमेंट साधं ऑब्जेक्ट दिलं आणि दुसरं सेशन असलेलं ऑब्जेक्ट दिलं, तर मोंगूस दुसऱ्यालाही एक नवं डॉक्युमेंटच समजतो. सेशन लागतच नाही. पहिलं आर्ग्युमेंट ॲरे असायला हवं, भले आत एकच ऑर्डर असो. तरच दुसरं आर्ग्युमेंट पर्याय म्हणून वाचलं जातं. अलीकडच्या आवृत्त्या लॉगमध्ये याचा इशारा देतात, पण गर्दीच्या लॉगमध्ये तो कोण बघतो? मोंगूसमध्ये सेशन आपोआप पोचवणारी ‘ट्रान्झॅक्शन असिंक लोकल स्टोरेज’ नावाची सेटिंगही आता आहे. नवीन कोड लिहीत असाल तर ती चालू करा. जुन्या कोडमध्ये मात्र प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरा संशय साठ्याच्या अपडेटवर. तुमच्या वर्णनावरून ते असं असणार: वस्तूचा आयडी अमुक, उपलब्ध संख्या मागणीइतकी किंवा जास्त, या अटीवर ‘अपडेटवन’ आणि आत ‘इंक’ने (आकडा वाढवण्या-घटवण्याच्या ऑपरेटरने) वजाबाकी. अट उत्तम आहे, ती अजिबात काढू नका. पण साठा पुरेसा नसेल तेव्हा ही अट कुठल्याच डॉक्युमेंटला लागू पडत नाही, आणि शून्य डॉक्युमेंट जुळणं ही मोंगोडीबीच्या दृष्टीने एरर नाही. उत्तर येतं: जुळलेली ०, बदललेली ०, काम फत्ते. ट्रान्झॅक्शन पुढे सरकतं, ऑर्डर लिहिली जाते, नोंदवहीत ओळ पडते, कमिट होतं. सगळं नियमानुसार, फक्त साठा तेवढाच. ‘मॉडिफाइड काउंट’ १ नसेल तर तिथेच स्वतःहून एरर फेकायची, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द होईल. ही दोन ओळींची तपासणी नसलेला कोड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की रिव्ह्यूला बसलो की पहिल्यांदा तीच शोधतो.

आणखी एक. तिन्ही लिखाणं ‘प्रॉमिस ऑल’मध्ये एकदम सोडली असतील तर ती एकामागून एक करा. एका ट्रान्झॅक्शनच्या आत समांतर ऑपरेशन्स चालवायला ड्रायव्हरचा (मोंगूसखाली सर्व्हरशी बोलणाऱ्या लायब्ररीचा) पाठिंबा नाही. एक अपयशी ठरतं, कोड ट्रान्झॅक्शन रद्द करायला जातो, आणि दुसरं अजून वाटेतच असतं.

आता कमिट.

‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ म्हटल्यावर सर्व्हरकडे काहीच जात नाही. पहिलं खरं ऑपरेशन जातं, त्याच्यासोबत ‘इथून नवं ट्रान्झॅक्शन’ ही खूण जाते. त्यानंतरचे सगळे बदल प्रायमरी नोडवर (लिखाण घेणाऱ्या मुख्य नोडवर) वायर्डटायगर या स्टोरेज इंजिनच्या उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये साठत राहतात. ऑपलॉगमध्ये, म्हणजे सेकंडरी (प्रती ठेवणारे बाकीचे नोड) ज्यातून बदल उचलतात त्या नोंदीत, अजून अवाक्षर नसतं, सेकंडरींना पत्ताही नसतो. या टप्प्यात प्रायमरी पडला तर सगळं विरून जातं, आणि ते योग्यच आहे. कमिटचा आदेश पोचला की बदल ऑपलॉगमध्ये एकत्र लिहिले जातात, एकाच क्षणापासून दिसू लागतात, आणि मग रेप्लिकेशन होऊन, राइट कन्सर्न या सेटिंगमध्ये मागितलेल्या संख्येइतक्या नोडची होकारार्थी मान आली की तुम्हाला उत्तर मिळतं.

या शेवटच्या वाक्यात किती टप्पे आहेत बघा. आदेश पोचण्याआधी तार तुटू शकते. कमिट झाल्यावर, पण उत्तर तुमच्यापर्यंत येण्याआधी तुटू शकते. प्रायमरीने कमिट केलं, पण बहुमताची पोच येण्याआधीच वेळ संपू शकते. तुमच्या कोडला तिन्ही वेळी दिसते ती फक्त एरर. रजिस्टर पत्र पोचलं पण पोचपावती हरवली, तसा हा प्रकार आहे. पावती आली नाही म्हणून दुसरं पत्र पाठवलं की समोरच्याच्या हातात दोन पत्रं. तुमच्या दोन ऑर्डरी याच वाटेने आल्या.

म्हणून ड्रायव्हर एररवर लेबल लावतो, आणि ते लेबल वाचणं हे आपलं काम. ‘ट्रान्झियंट ट्रान्झॅक्शन एरर’ असं लेबल असेल तर ट्रान्झॅक्शन निश्चितपणे झालेलं नाही. पूर्ण ब्लॉक पहिल्यापासून चालवा, निर्धास्तपणे. ‘अननोन ट्रान्झॅक्शन कमिट रिझल्ट’ असं लेबल असेल तर झालं की नाही हे ठाऊक नाही. अशा वेळी फक्त कमिटचा आदेश पुन्हा पाठवायचा, ब्लॉकला हात लावायचा नाही. कमिट दोनदा पाठवल्याने नुकसान होत नाही, कारण प्रत्येक ट्रान्झॅक्शनला सेशनचा आयडी आणि त्या सेशनमधला क्रमांक अशी ओळख असते आणि सर्व्हर ती लक्षात ठेवतो. आधीच कमिट झालं असेल तर तो नुसता ‘झालं आहे’ म्हणतो. ब्लॉक नव्याने चालवलात तर क्रमांक नवा, म्हणजे सर्व्हरच्या लेखी ते वेगळंच ट्रान्झॅक्शन. त्याला तुमची आधीची ऑर्डर ओळखायचं काही कारणच उरत नाही.

ड्रायव्हर स्वतः कमिट एकदा पुन्हा पाठवून बघतोच. त्यापुढचं सगळं ‘विथ ट्रान्झॅक्शन’ हा हेल्पर सांभाळतो: पहिलं लेबल दिसलं तर तुमचं फंक्शन पुन्हा चालवतो, दुसरं दिसलं तर फक्त कमिट, आणि हे सगळं १२० सेकंदांच्या मर्यादेत. तुम्ही ‘स्टार्ट’, ‘कमिट’, ‘अबॉर्ट’ हाताने लिहून वर स्वतःचा रिट्राय-लूप घातला आहे. तो काढून हेल्पर वापरा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. हाताने लिहिलेले लूप बहुतेकदा लेबल न बघता सरसकट पुन्हा चालवतात, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

हेल्पर वापरताना एक पथ्य पाळा. आतल्या फंक्शनमध्ये डेटाबेसची एरर पकडून गिळू नका. पकडलीत तर पुन्हा फेका. ट्रान्झॅक्शनमधलं एखादं ऑपरेशन चुकलं की सर्व्हर तिकडे ते ट्रान्झॅक्शन रद्द करून मोकळा झालेला असतो. तुम्ही एरर गिळून पुढे गेलात की पुढच्या ओळीला ‘असं ट्रान्झॅक्शनच नाही’ असं उत्तर येतं, कोड २५१. ‘आधी इन्सर्ट करून बघू, डुप्लिकेट निघालं तर सोडून देऊ’ ही नेहमीची युक्तीही याच कारणाने आत चालत नाही. तिथे अपसर्ट, म्हणजे ‘असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट’, वापरावा लागतो.

पण नुसत्या हेल्परने दोन ऑर्डरींचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, हेही सांगायला हवं. १२० सेकंद संपले, किंवा तुमची प्रोसेसच मध्ये मेली, तर ‘ठाऊक नाही’ हे उत्तर शेवटपर्यंत तसंच राहतं. वरून मोबाइल ॲप किंवा गेटवे स्वतःच्या बुद्धीने तीच विनंती पुन्हा पाठवतो. त्यावर उपाय एकच: ऑर्डरची ओळख ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, शक्यतो विनंती जिथे जन्मते तिथेच ठरवा. तोच आयडी ऑर्डरचा ‘आयडी’ फील्ड म्हणून वापरा, किंवा वेगळ्या फील्डमध्ये ठेवून त्यावर युनिक इंडेक्स लावा. मग तीच मागणी दुसऱ्यांदा आली की इन्सर्टला डुप्लिकेट कीची एरर, ११०००, येते, ट्रान्झॅक्शन रद्द होतं, साठ्याची दुसरी वजाबाकीही त्याच्याबरोबर जाते, आणि तुम्ही बाहेर येऊन आधीची ऑर्डर वाचून तीच परत देता. पहिलं ट्रान्झॅक्शन सर्व्हरवर अजून अधांतरी उघडं असेल तर? तेव्हा त्याच आयडीच्या दुसऱ्या इन्सर्टला राइट कॉन्फ्लिक्ट (दोन लिखाणांच्या टकरीची एरर) मिळतो, हेल्पर पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि पहिल्याचा निकाल लागला की याचाही लागतो. आयडी मात्र हेल्परला दिलेल्या फंक्शनच्या आत तयार करू नका. ते फंक्शन पुन्हा चालू शकतं आणि दर वेळी नवा आयडी घेऊन येईल.

हाच नियम बाहेरच्या परिणामांना. ईमेल, पेमेंट गेटवेला कॉल, क्यूमध्ये संदेश, यातलं काहीही त्या फंक्शनमध्ये नको. डेटाबेस आपले बदल मागे घेईल, गेलेला ईमेल कोण मागे घेणार? जे पाठवायचं आहे त्याचं एक डॉक्युमेंट ‘आउटबॉक्स’ कलेक्शनमध्ये त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा आणि वेगळ्या वर्करने ते उचलून पाठवावं. चेंज स्ट्रीमवर (डेटाबेसमधल्या बदलांच्या प्रवाहावर) ऐकणारा वर्कर असेल तर आणखी चांगलं, कारण तिथे घटना बहुमताने पक्की झाल्यावरच येते.

राइट कन्सर्नबद्दल. तो ट्रान्झॅक्शनच्या पातळीवर द्यायचा असतो; आतल्या एकेका ऑपरेशनवर दिलात तर एरर येते. ऑर्डर आणि साठ्यासारख्या गोष्टींसाठी ‘मेजॉरिटी’ सोडून दुसरं काही निवडायला मला कारण दिसत नाही. ‘१’ ठेवलात आणि प्रायमरीने ‘झालं’ म्हणून लगेच मान टाकली, तर नवा प्रायमरी ते ट्रान्झॅक्शन न पाहिलेला असू शकतो आणि तुम्हाला यश म्हणून कळवलेली ऑर्डर रोलबॅकमध्ये नाहीशी होते. शिवाय ‘स्नॅपशॉट’ रीड कन्सर्नची (एकाच क्षणाचा सुसंगत डेटा वाचण्याच्या सेटिंगची) हमीसुद्धा कमिट बहुमताने झालं तरच लागू आहे. मोंगोडीबी ५.० पासून मूळ सेटिंगच ‘मेजॉरिटी’ आहे, पण तुमच्या तीन नोडपैकी एक आर्बिटर (फक्त मत देणारा, डेटा न ठेवणारा नोड) असेल तर ती मूळ सेटिंग ‘१’वर येते. तुमच्या प्रश्नात तिसऱ्या नोडचा प्रकार लिहिलेला नाही, तेवढं तपासा आणि सेटिंग गृहीत न धरता स्पष्ट लिहा. आर्बिटर असताना ‘मेजॉरिटी’ मागितलंत की डेटा असलेला एक नोड पडल्याबरोबर प्रत्येक कमिट पोचेसाठी अडकून बसतं. तिसरा नोड डेटा असलेलाच ठेवणं हा त्यावरचा खरा इलाज. आणि राइट कन्सर्नची वेळ संपली ही एरर म्हणजे कमिट मागे घेतलं असं नव्हे. प्रायमरीवर ते झालेलं असतं, पोच तेवढी बाकी असते.

वेळेच्या मर्यादा पटकन सांगतो. ट्रान्झॅक्शनचं आयुष्य मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद; त्यापुढे सर्व्हर ते मारतो. कलेक्शनचं लॉक मिळवायला आतल्या ऑपरेशनला ५ मिलिसेकंद मिळतात, म्हणून ऐन गर्दीत इंडेक्स बांधायला घेतलात की ट्रान्झॅक्शन धडाधड पडू लागतात. ४.० मध्ये अख्ख्या ट्रान्झॅक्शनचे बदल १६ एमबीच्या एकाच ऑपलॉग नोंदीत मावावे लागत, ४.२ पासून ती अट गेली. तरी एका ट्रान्झॅक्शनमध्ये हजारापेक्षा जास्त डॉक्युमेंट बदलू नयेत ही शिफारस कायम आहे आणि ती पाळावी, कारण उघडं ट्रान्झॅक्शन जितकं लांबतं तितक्या जुन्या प्रती वायर्डटायगरला सांभाळाव्या लागतात आणि कॅशवर ताण येतो.

राइट कॉन्फ्लिक्ट, म्हणजे कोड ११२, तुम्हाला लॉगमध्ये दिसत असेल तर घाबरू नका. दोन ट्रान्झॅक्शनना एकच डॉक्युमेंट बदलायचं असेल तर दुसरं थांबत नाही, तत्काळ पडतं आणि हेल्पर ते पुन्हा चालवतो. ट्रान्झॅक्शनबाहेरचं साधं लिखाण मात्र थांबून वाट बघतं. एकाच लोकप्रिय वस्तूवर गर्दी असेल तर हे पुन्हा पुन्हा होईल. साठ्याचं अपडेट ब्लॉकच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे पडायचंच असेल तर काम वाया जाण्याआधी पडेल.

यातूनच एक जास्त धोकादायक गोष्ट निघते, कारण तिथे एररच येत नाही. हा कॉन्फ्लिक्ट फक्त लिखाणा-लिखाणात पकडला जातो. तुम्ही एक डॉक्युमेंट वाचलंत, त्यावर निर्णय घेतलात आणि लिहिलंत दुसऱ्याच डॉक्युमेंटमध्ये, तर मधल्या काळात पहिलं कुणी बदललं हे मोंगोडीबी सांगणार नाही. समजा ग्राहकाचं खातं चालू आहे का हे वाचून ऑर्डर लिहिली, आणि त्याच वेळी दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने ते खातं बंद केलं. दोन्ही कमिट होतात. दोघांची लिखाणं वेगवेगळ्या डॉक्युमेंटवर, त्यामुळे तंटाच नाही. जिथे असं चालणार नाही तिथे नुसतं ‘फाइंडवन’ करू नका. ‘फाइंडवन अँड अपडेट’ने त्या डॉक्युमेंटमधलं एखादं आकडा-फील्ड वाढवत वाचा. मग तेही लिखाण ठरतं आणि दोघांपैकी एकाला माघार घ्यावीच लागते.

तुम्ही पुढे शार्डिंगचा, म्हणजे डेटा अनेक सर्व्हर-गटांत (शार्डांत) वाटण्याचा, विचार करत आहात असं लिहिलं आहे, म्हणून थोडं त्यावर. रेप्लिका सेटवर ट्रान्झॅक्शन ४.० मध्ये, २०१८ साली आली आणि शार्डेड क्लस्टरवर ४.२ मध्ये, २०१९ साली. ट्रान्झॅक्शनची सगळी डॉक्युमेंटं एकाच शार्डवर असली तर कमिट साधंच होतं. एकापेक्षा जास्त शार्डवर लिखाण झालं की टू-फेज कमिट लागतं: एक शार्ड समन्वयक होतो, सहभागी शार्डांची यादी लिहून ठेवतो, प्रत्येकाला ‘तयार राहा’ म्हणतो, सगळ्यांची तयारी बहुमताने पक्की झाली की निर्णय लिहितो आणि मग कमिटचा आदेश देतो. प्रत्येक टप्प्याला बहुमताची फेरी, त्यामुळे वेळ वाढतो. शार्ड की (ही वाटणी ठरवणारं फील्ड) निवडताना एकत्र बदलणारी डॉक्युमेंटं एकाच शार्डवर राहतील असं बघा. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवा: कमिट झाल्यावरही, बाहेरून ‘लोकल’ रीड कन्सर्नने वाचणाऱ्याला एका शार्डवरचा बदल दिसून दुसऱ्यावरचा अजून न दिसणं शक्य आहे. रिपोर्टचे आकडे जुळले नाहीत म्हणून ट्रान्झॅक्शनला दोष देण्याआधी तो रिपोर्ट कुठल्या रीड कन्सर्नने वाचतो ते बघा.

आणि तीन कलेक्शन खरंच हवीत का? एका डॉक्युमेंटवरचं लिखाण मोंगोडीबीत कायमच अखंड असतं, त्याला ट्रान्झॅक्शन लागत नाही. ऑर्डरच्या ओळी ऑर्डरमध्येच घातल्यात तसं आणखी काही आत घेता येईल का ते पाहा. तुमची नोंदवही मात्र वाढत जाणारी आहे, ती साठ्याच्या डॉक्युमेंटमध्ये कोंबू नका. तुमच्या बाबतीत ट्रान्झॅक्शनच योग्य, असं माझं मत आहे; दर ठिकाणी ते तसं नसतं.

दुरुस्ती झाल्यावर ती खरी आहे का हे तपासायला वाट बघत बसू नका. चाचणीसाठी वेगळा मोंगोडी (मोंगोडीबीची सर्व्हर प्रोसेस) ‘एनेबल टेस्ट कमांड्स’ चालू ठेवून उभा करा. एकच नोड पुरेल, पण तो रेप्लिका सेट म्हणूनच सुरू करा, कारण सुट्या मोंगोडीवर ट्रान्झॅक्शन चालत नाहीत. मग ‘फेल कमांड’ हा फेलपॉइंट (मुद्दाम बिघाड घडवण्याची सोय) कमिटच्या आदेशावर लावा. त्यात ‘क्लोज कनेक्शन’ दिलंत तर कमिट चालण्याआधीच तार तुटते. ‘राइट कन्सर्न एरर’ दिलीत तर कमिट खरोखर होतं आणि तुमच्या कोडला एरर दिसते; तुमच्या दोन ऑर्डरींचा प्रसंग हाच. फेलपॉइंट एकापेक्षा जास्त वेळा लागेल असं ठेवा, कारण एकदा तर ड्रायव्हर स्वतःच पुन्हा पाठवून निभावून नेतो. दोन्ही प्रकारांत शेवटी ऑर्डर एकच, नोंदवहीत ओळ एकच आणि साठ्यातली वजाबाकी एकदाच झालेली दिसली पाहिजे. तिसरी चाचणी फेलपॉइंटशिवाय करा: साठ्यात एक नग ठेवून दोन विनंत्या एकदम सोडा. एक ऑर्डर पडायला हवी आणि दुसरीला तुम्ही स्वतः फेकलेली ‘साठा नाही’ ही एरर मिळायला हवी. दोन्ही ऑर्डरी पडल्या तर ‘मॉडिफाइड काउंट’ची तपासणी अजून कुठेतरी राहिली आहे.